भिंतीवरचे तीन ठोके

आमची आणि शेजारच्या बाईंची भिंत एकच होती. नेदरलँड्समधल्या या फोरबर्गमध्ये अशी रांगेतली घरं गल्लोगल्ली आहेत. विटांची, अरुंद, पुढे हातभर बाग आणि मागे सायकली ठेवायची शेड. दोन घरांच्या मधली भिंत बांधणाऱ्याने काटकसरीने बांधली असावी, कारण बाई जिना चढायला लागल्या की मला पायऱ्या मोजता यायच्या.

त्या बाई आता नाहीत. त्यात माझा वाटा किती, हे मी वर्षभर ठरवायचा प्रयत्न करतेय. नवरा म्हणतो, काहीच नाही. तो भला माणूस आहे आणि अशा बाबतीत भल्या माणसांचा काडीचा उपयोग नसतो. म्हणून लिहून बघते.

मी सोलापूरची. आमच्या कॉलनीत दुपारी दार लावलेलं दिसलं तर लोक विचारायचे, घरात कोण आजारी आहे का? आमचा आवाज मुळातच दोन घरं पलीकडे ऐकू जाईल असा. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. त्याला इथे नोकरी लागली, आम्ही आलो. पुढे मलाही घरून करायचं, सॉफ्टवेअर तपासायचं काम मिळालं. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. सामानात मी लोखंडी खलबत्ता आणला होता. वजन जास्त झालं म्हणून विमानतळावर नवऱ्याच्या दोन जीन्स बाहेर काढल्या, पण खलबत्ता काढला नाही. शेंगदाण्याची चटणी मिक्सरमध्ये होत नाही. होते, पण ती चटणी नव्हे, भुसा.

घरात राहायला आलो त्याच आठवड्यात मी शिरा केला आणि वाटीवर ताटली झाकून संध्याकाळी सहा वाजता बाईंची बेल वाजवली. नव्या शेजारणीने एवढं तर करायलाच हवं. बाईंनी दार उघडलं. उंच, ऐंशीच्या आसपासच्या, पांढरे केस पोराटोरांसारखे बारीक कापलेले, हातात काटा.

"मी जेवतेय," त्या म्हणाल्या.

"असू द्या, मी नुसतं द्यायला आले."

"आज नको. गुरुवारी साडेदहाला या, कॉफीला." आणि दार लागलं. आपटलं वगैरे नाही, अगदी हळू लागलं. मी गरम वाटी पदरात धरल्यासारखी टी-शर्टमध्ये धरून उभी. नवरा इतका हसला की सोफ्यावरून घसरला. तो शिरा मी रागारागाने एकटीने संपवला.

गुरुवारी साडेदहाला गेले, नवा शिरा करून. बाईंनी छोट्या चमच्याने दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "खूप गोड आहे." हेही टोमणा म्हणून नाही, माहिती म्हणून. पण नंतर त्या तासभर बोलल्या. त्या पोहायला शिकवायच्या. गल्लीतली अर्धी माणसं त्यांच्या हाताखाली पाण्यात उतरलेली. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगी ग्रोनिंगनला, ट्रेनने अडीच-तीन तास. तिचं म्हणणं, आईने आता वृद्धाश्रमात जावं. "ती कागदपत्रं आणते, मी ती ड्रॉवरमध्ये ठेवते," बाई म्हणाल्या. "या घरातून मी माझ्या पायांनी बाहेर जाणार नाही." मुलीने त्यांना गळ्यात घालायचं बटण आणून दिलं होतं, पडलात तर दाबा म्हणून. ते दारामागच्या खुंटीवर किल्ल्यांबरोबर लटकत होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, घंटा गाईच्या गळ्यात बांधतात.

मला त्या आवडल्या. हे सांगायला हवं, कारण पुढे वेगळंच वाटेल.

आम्ही एकमेकींना "ब्यूरव्राऊ" म्हणायचो. म्हणजे शेजारीणबाई. इथे सगळ्याच शेजारणी एकमेकींना अशीच हाक मारतात, नाव माहीत असलं तरी.

भांडण खलबत्त्यापासून सुरू झालं. रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात फरशीवर फडकं अंथरून, भिंतीला पाठ लावून चटणी कुटायला बसायची. माझी आई तशीच बसते. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी लेटरबॉक्समधून चिठ्ठी आली. सुरेख अक्षर. रविवारी सकाळी माझ्या भिंतीतून आवाज येतो, तो कशाचा आहे हे समजून घ्यायला आवडेल, मंगळवारी दहा वाजता वेळ आहे का? मंगळवारी मी खलबत्ताच घेऊन गेले. बाईंनी तो उचलून पाहिला, ठेवला, चटणी चाखली, घटाघटा पाणी प्यायल्या आणि पुन्हा चाखली. पुढे त्या ती लोणी लावलेल्या ब्रेडवर पसरून खायच्या. बरणी धुऊन, पुसून, आमच्या पायरीवर आणून ठेवायच्या, रिकामी. आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या मंगळवारी बाईंनीच तोडगा काढला. "तुम्हाला सवय आहे, मला नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी लिहायला मला आवडत नाही आणि तुम्हालाही ती वाचायला आवडत नसेल. फार झालं की मी भिंतीवर तीनदा ठोकेन. तुम्ही थांबायचं. दाराशी यायची, माफी मागायची गरज नाही. म्हणजे दोघींनाही अवघड वाटणार नाही."

मला ते जरा लागलं. सोलापुरात कुणी भिंत ठोकली असती तर मी ओट्यावर जाऊन कचाकचा भांडले असते आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर आमटी पाठवली असती. पण नवरा म्हणाला, "अगं, किती शहाणपणाचं आहे हे! आपल्या सोसायटीत असं असतं तर अर्ध्या मीटिंगा वाचल्या असत्या."

आणि चाललंही ते छान. सकाळी सहाला मिक्सर लावला, तीन ठोके. सासरे आले होते तेव्हा ते फोनवर बोलायचे म्हणजे थेट नाशिकला ऐकू जावं असे, तीन ठोके. मुलगी दोरीवरच्या उड्या मारायची, तीन ठोके. आम्ही थांबायचो. बाईंच्या ठोक्यांत रागसुद्धा नसायचा. उभ्या राहून, खांद्याच्या उंचीवर, बोटांच्या पेरांनी मारलेले ठोके. टक, टक, टक. मुलगी तर कधीकधी उलट ठोकून "ऐकलं" म्हणून सांगायची. मग मीच तिला बंद करायला लावलं. म्हटलं, वाह्यातपणा वाटेल. तेव्हा तिला थांबवलं नसतं तर पुढे काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. म्हणजे, रोज करते.

मग गणपती आले. चौथं वर्ष होतं. अ‍ॅमस्टेलव्हीनहून, डेन हागहून दहा घरं आली होती. शनिवारची दुपार, पोरांच्या हातात झांजा, आणि आरती अगदी रंगात आलेली, तेव्हा भिंतीवरून ते आले. टक, टक, टक.

मी आरती थांबवली. खरंच थांबवली. दहा घरं गप्प. उरलेली आम्ही पुटपुटत, टाळ्यांऐवजी तळहात नुसते जुळवत पुरी केली. आलेल्यांतल्या एक बाई मोदक खाताना म्हणाल्या, "अय्या, तुम्हाला आरतीलासुद्धा परमिशन लागते का गं?" सगळे हसले. मीही हसले. आतून मी जळत होते.

दोन दिवसांनी बाई कचऱ्याच्या डब्याजवळ भेटल्या. "चिठ्ठी टाकली असतीत तर मी दुपारी मैत्रिणीकडे गेले असते," त्या म्हणाल्या. हेही खरं होतं. घरात कार्यक्रम असला की इथे आधी शेजाऱ्यांना चिठ्ठी टाकतात, हे मला चार वर्षांत कळलेलं होतं आणि मी ते विसरले होते. चूक माझी होती. पण माझा स्वभाव असा आहे की चूक माझी असली की मला राग दुप्पट येतो. मी "हो" म्हटलं आणि डबा ढकलत निघून आले.

त्यानंतर मी बाईंकडे गेले नाही. चटणी कुटणंच बंद केलं. दुकानातली पाकिटं आणायला लागले. दाराशी जायचं नाही असं ठरलंय ना, मग नाहीच जायचं. दिसल्या तर मान हलवायची. आणि भिंतीवर ठोका पडला की घर असं चिडीचूप करायचं की बाईंनाच लाज वाटली पाहिजे. हे मी ठरवून केलं. नवऱ्याला आणि मुलीला मी तशी शिस्तच लावली होती. ठोका आला की टीव्ही बंद, मिक्सर बंद, बोलणं बंद. मुलीला तो खेळ वाटायचा. मला तो सूड वाटायचा.

फेब्रुवारीतला बुधवार. बुधवारी इथल्या शाळा दुपारी लवकर सुटतात, म्हणून मुलगी घरी होती. मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये. ती खाली शाळेच्या कार्यक्रमातला नाच बसवत होती. दीडच्या सुमाराला ठोके आले. मी मीटिंग म्यूट केली, जिन्यातून वाकून तिला हात दाखवला. तिने गाणं बंद केलं.

तासाभराने मी खाली चहा करत होते. मुलगी सोफ्यावर चित्र काढत होती. पुन्हा ठोके. तीन. मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"बट आई, वी आर नॉट डूइंग एनिथिंग."

"वॉशिंग मशीन चालू आहे," मी म्हणाले. ते वरच्या मजल्यावर होतं आणि जेमतेम गुरगुरत होतं. मी तणतणत वर गेले, पाण्याने भरलेलं मशीन मधेच बंद केलं आणि खाली येऊन मोठ्याने म्हणाले, मराठीत, भिंतीकडे बघून, "आता काय श्वासपण घ्यायचा नाही का आम्ही?"

आणि एक गोष्ट. हे मी नवऱ्याला खूप उशिरा सांगितलं. तो आवाज खालून आला होता. खांद्याच्या उंचीवरून नाही, फरशीच्या जवळून. आणि पेरांचा टणक आवाज नव्हता, बोथट होता, धप, धप, धप. माझ्या ते लक्षात आलं. मी मनात म्हटलं, आता काठीने ठोकतात वाटतं, हात दुखत असतील. एवढाच विचार केला. बरंही वाटलं थोडं.

संध्याकाळी जेवताना पुन्हा एकदा. आम्ही वरण-भात खात होतो. नवरा ऑफिसातलं काहीतरी सांगत होता. तो मधेच थांबला आणि डोळ्यांनीच "काय?" असं विचारलं. मी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही उरलेलं जेवण न बोलता जेवलो. चमचासुद्धा ताटाला लागू दिला नाही.

गुरुवारी ठोके आले नाहीत. मला वाटलं, शेवटी कळलं वाटतं बाईंना. मुलीला शाळेत सोडायला जाताना बाईंच्या पुढच्या खोलीतला दिवा भर दिवसा चालू दिसला. पडदे उघडे होते, पण इथे पडदे कुणाचेच बंद नसतात. आत कुणी दिसलं नाही. मी आत बघितलंही नाही नीट. लोकांच्या खिडकीत बघू नये, हेही मी इथेच शिकले होते.

शुक्रवारी सकाळी बाईंच्या मुलीने केलेला फोन कुणी उचलेना, म्हणून तिने समोरच्या घरातल्या निवृत्त गृहस्थांना फोन केला. त्यांच्याकडे किल्ली होती. मी वर कामाला बसले होते. खिडकीच्या काचेवर निळा उजेड फिरायला लागला म्हणून खाली आले. अ‍ॅम्ब्युलन्स आमच्या दोन्ही दारांच्या मधे उभी होती. ते गृहस्थ पायरीवर बसले होते, पाठमोरे.

"स्वयंपाकघरात पडल्या होत्या," ते म्हणाले. "बहुतेक बुधवारपासून. बुधवारचा पेपर दारातच आहे. खुब्याचं हाड मोडलंय."

दार उघडं होतं. पॅसेजमधून थेट स्वयंपाकघर दिसत होतं. दारामागे ते बटण खुंटीवर. आणि आत, आमच्या भिंतीवर, फरशीपासून वीतभर उंचीवर कागद फाटून प्लास्टरचा पापुद्रा निघालेला. खाली रबरी बुडाची काठी आडवी पडलेली. मी रविवारी सकाळी ज्या जागी पाठ टेकून कुटायला बसायची, त्याच्या बरोबर पलीकडे.

बाईंना बाहेर आणलं. चेहरा राखेच्या रंगाचा, ओठ फुटलेले. मी पुढे झाले आणि म्हटलं, "ब्यूरव्राऊ." त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. मग डोळे मिटले. अ‍ॅम्ब्युलन्सचं दार लागलं. मी त्यांना "सॉरी" म्हटलं नाही, कारण ते म्हटलं तर कशाबद्दल हे सांगावं लागलं असतं.

नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "तुला कसं कळणार होतं? ठोक्याचा अर्थ त्यांनीच ठरवला होता. मदतीचा वेगळा ठोका ठरवायचा राहिला, एवढंच." तो इंजिनियर आहे. त्याला वाटतं, जे घडलं ते डिझाइनमधल्या चुकीने घडलं. मी त्याला तेव्हा खालून आलेल्या आवाजाचं सांगितलं नाही.

बाई हॉस्पिटलात नऊ दिवस होत्या. मी त्यांच्या मुलीला मेसेज केला, भेटायला येऊ का? तिचं उत्तर आलं, सध्या फक्त घरचे. मी रोज दोन वेळा ठरवायची की तरी जावं. सोलापुरात मी गेले असते, डबा घेऊन वॉर्डाबाहेर बसले असते, कुणाची हिंमत होती मला हाकलायची! इथे मी गेले नाही. या देशात मी पाच वर्षांत काय शिकले असेन तर न जाणं.

दहाव्या दिवशी करड्या कडांचं कार्ड आलं. अंत्यविधी अकरा पंचेचाळीसला, त्यानंतर कॉफी. इथे मरणालाही वेळ घेऊनच जावं लागतं. आम्ही तिघं गेलो. मी आपल्याकडच्यासारखे पांढरे कपडे घातले होते; बाकी सगळे गडद निळ्या-काळ्यात. त्या पूर्ण हॉलमध्ये मी एकटी दुरून ओळखू येत होते. एकाने पोहण्याच्या तलावावरच्या गमती सांगितल्या, लोक हसले. मला रडायला येत होतं आणि इथे कुणी रडत नव्हतं.

नंतर कॉफीच्या टेबलाशी त्यांची मुलगी माझ्याजवळ आली. साठीची असेल. आईसारखीच उंच, आईसारखीच सरळ बोलणारी. नवरा आणि माझी मुलगी दूर केक घेत उभे होते.

"तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणून सांगते," ती म्हणाली. "आई शेवटचे दोन दिवस सोडले तर शुद्धीवर होती. तिने सगळं सांगितलं. फोन टेबलावर होता, हात पोचत नव्हता. काठी जवळ पडली होती. तिने भिंतीवर ठोकलं."

मी मान हलवली.

"दर वेळी ठोकल्यावर तुमच्याकडे लगेच शांत झालं. गाणं बंद झालं, नंतर मशीन बंद झालं, बोलणंही. म्हणून तिला खात्री होती की तुम्ही ऐकलंय. ऐकलंय म्हणजे येतील. म्हणून तिने ताकद वाचवली. ओरडली नाही. मग रात्री तिचा आवाजच बसला." तिने हातातला कप टेबलावर ठेवला. "मला एकच विचारायचंय. ती ओरडली असती तर तुम्हाला ऐकू आलं असतं?"

बाई जिना चढायच्या तेव्हा मला पायऱ्या मोजता यायच्या.

"हो," मी म्हणाले. "आलं असतं."

"खरं सांगितलंत, आभारी आहे," ती म्हणाली, आणि खरंच तसंच वाटलं असावं तिला. "तिचा तुमच्यावर राग नव्हता. ती म्हणायची, चांगले शेजारी आहेत, एकदा सांगितलं की पुरतं." मग तिने माझ्या दंडावर हात ठेवला आणि पुढच्या पाहुण्यांकडे वळली.

परत येताना ट्राममध्ये मुलगी माझ्या शेजारी बसली होती. नवरा पुढच्या सीटवर. मुलगी आता नऊ वर्षांची होती, तिच्यापासून काही लपत नाही.

"त्या काय म्हणाल्या तुला?" तिने विचारलं. कधी नव्हे ते मराठीत.

"म्हणाल्या, आपण चांगले शेजारी होतो."

तिने बुटाचा बंद सोडून पुन्हा बांधला.

"मग आपण बेल का नाही वाजवली?"

नवरा मागे वळून बघायला लागला.

"आपलं तसं ठरलं होतं," मी म्हणाले.